दुसऱ्याच्या चाकामागें

रविवारीं पहाटे बेलापूरकडून उरणास जाणाऱ्या रस्त्यावर सायकलस्वारांचे जथे दृष्टीस पडतात. दोघे पुढें, दोघे त्यांच्या मागें, पुन्हां दोघे, अशी ही माळ गव्हाण फाटा मागें टाकून जासईच्या दिशेनें सरकत असते. मोठ्यानें कोणी बोलत नाहीं. मधून मधून पुढच्या गड्याचा हात खालीं जातो, बोट खड्ड्याकडे वळतें, आणि तीच खूण एकामागून एक करीत शेवटच्या स्वारापर्यंत पोहोंचते.

अशा माळेंत एखादे दिवशीं एक नवा गडी येऊन मिळतो. त्याची सायकल अधिक किंमतीची, पाय अधिक बळकट, आणि हँडलाच्या मध्यापासून पुढें निघालेल्या दोन दांड्यांवर त्यानें कोपरें टेकलेलीं असतात. पोहणें, सायकल चालविणें आणि धांवणें या तिहींची मिळून ट्रायथलॉन नांवाची जी शर्यत होते, तिची तो तयारी करीत असतो. दहा मिनिटें होतात न होतात तोंच जथ्याचा म्होरक्या त्याला म्हणतो, "दादा, कोपरें उचला, आणि थोडा वेळ सगळ्यांच्या मागें राहा." गडी खट्टू होतो. सर्वांत जोरकस आपण, आणि मागें घालतात तेंही आपणांसच, हा न्याय कोणता, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं.

या प्रसंगीं दोष म्हणावा तर कोणाचाच नाहीं. सायकलीच्या इतिहासांत एका प्रश्नाला दोन पंथांनीं दोन उलट उत्तरें दिलीं, आणि तीं दोन उत्तरें उरणच्या रस्त्यावर समोरासमोर आलीं, इतकेंच. प्रश्न असा, कीं पुढच्या स्वाराच्या पाठीमागें वाऱ्याचा जो आडोसा मिळतो, तो घेणें हा शिष्टाचार कीं चोरी?

या आडोशाचें मोल पायीं चालणाऱ्यास सहसा कळत नाहीं. उरणच्या किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, आणि ऊन चढल्यावर समुद्राकडून खारे वारे सुटतात. म्हणजे लौकर निघून दहाच्या सुमारास परतणाऱ्या स्वारास दोन्ही वेळां वारा बहुधा पाठीशीं मिळावयाचा. मग आडोसा हवा कशाला? तर सायकलस्वार आपला वारा आपणच निर्माण करतो. सपाट रस्त्यावर ताशीं ३० किलोमीटरच्या गतीनें जाणाऱ्याचें बहुतेक बळ समोरची हवा बाजूस सारण्यांतच खर्चीं पडतें. त्याच्या चाकामागें हात-दीड हातावर जो राहील त्याचे सुमारें एक चतुर्थांशापासून एक तृतीयांशापर्यंत श्रम वांचतात. या तत्त्वाचा कळस ३० जून १८९९ रोजीं अमेरिकेंत लाँग आयलंड येथें झाला. रुळांच्या मध्यें फळ्या अंथरून, आगगाडीच्या शेवटच्या डब्याला मागें छप्पर बांधून, त्या आडोशांत चार्ल्स मर्फी नांवाच्या स्वारानें एक मैल ५७.८ सेकंदांत तोडला. माणूस आगगाडीच्या तोडीनें धांवला खरा, पण वाट आगगाडीनेंच करून दिली होती.

जथ्यानें सायकल चालविण्याची रीति मात्र याहून जुनी आहे. पुढचें चाक उंच व मागचें लहान अशा सायकली होत्या त्या काळीं, १८७०च्या पुढें, इंग्लंडांत सायकलस्वारांचीं मंडळें निघालीं. तीं फिरावयास निघत तीं जवळजवळ पलटणीच्या थाटांत. पुढें कप्तान, आणि निघण्याच्या व थांबण्याच्या सूचना देण्यास बिगुल वाजविणारा. कप्तानाच्या पुढें जाणें हा असभ्यपणा समजला जाई. आज हा थाट हास्यास्पद वाटेल, परंतु उंच चाकावरून माणूस डोक्यावर पडे आणि पडला कीं मागचे त्याच्यावर येत, हें ध्यानीं घेतलें म्हणजे बिगुलाचें कारण समजतें. आपल्याकडे पंढरीच्या वाटेवर दिंडी आपला क्रम सोडीत नाहीं, पुढच्या दिंडीच्या पुढें घुसत नाहीं, त्याच्याशीं या रीतीचें नातें जवळचें आहे.

शर्यतींतही प्रारंभीं आडोसा उघडपणें घेत. १८९१ सालीं बोर्दो ते पॅरिस ही लांब पल्ल्याची शर्यत प्रथम झाली आणि ती जी. पी. मिल्स या इंग्रजानें जिंकली. तींत स्वारांच्या पुढें राहून वारा अंगावर घेण्यासाठीं गडी नेमलेले असत, आणि त्यांत कोणास गैर वाटत नसे. पाय शर्यत जिंकणाऱ्याचे, छाती मात्र दुसऱ्याची!

उलट उत्तर निघालें तें इंग्लंडांत, आणि तें तत्त्वचिंतनांतून नव्हे, एका अपघातांतून. १८९४ सालीं तेथील नॉर्थ रोडवर शर्यतींतल्या स्वारांचा एक घोळका एका बाईच्या घोडागाडीजवळून गेला. घोडा बुजला, स्वार कोसळले आणि पोलिसांपर्यंत बोभाटा झाला. त्या घोळक्यांत एफ. टी. बिडलेक नांवाचे गृहस्थ होते. रस्त्यावर सायकली हव्या असतील तर घोळका नको, असें त्यांनीं मनाशीं ठरविलें. ५ ऑक्टोबर १८९५ रोजीं त्यांच्या पुढाकारानें पहिली एकेकट्याची शर्यत झाली. एक स्वार निघाला कीं कांहीं वेळानें दुसरा, आणि विजय ठरावयाचा तो घड्याळावर. पुढच्यास गांठलें तरी त्याच्या मागें राहून आडोसा घ्यावयाचा नाहीं, सरळ ओलांडून जावयाचें. फ्रान्स, इटली, बेल्जम या देशांत १९०३ नंतर जथ्याच्या शर्यतींचें वैभव वाढत असतां इंग्लंड मात्र या एकांतव्रताला इतकें चिकटून राहिलें, कीं १९४२ सालीं पर्सी स्टॅलर्ड यानें सर्वांस एकदम सोडून शर्यत लावली तेव्हां तेथील सायकल-संस्थेनें त्यालाच बाहेर काढलें.

आपल्याकडे ही वादावादी फारशी पोहोंचली नाहीं. येथें सायकल ही प्रथम कामावर जाण्याची वस्तु होती. पुण्यास सायकलींचें शहर म्हणत तें शर्यतींमुळें नव्हे, तर शाळामास्तर, कारकून, विद्यार्थी आणि दूधवाले सारेच सायकलीवर दिसत म्हणून. परंतु जथ्याचा धर्म काय असतो याचें एक मोठें उदाहरण मुंबईनें जगापुढें ठेविलें. १९२३ सालीं बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबाचे सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ सालीं, सुमारें ७१,००० किलोमीटर तोडून, मुंबईस परतले. बाकीचे तिघे निरनिराळ्या टप्प्यांवर वेगळे झाले. वाळवंटांत तिघांच्या जथ्याची गति सर्वांत दमलेल्या गड्याच्या गतीहून अधिक असूं शकत नाहीं. त्याला मागें टाकून कोठें जाणार?

ट्रायथलॉन या साऱ्याच्या कितीतरी नंतरची. २५ सप्टेंबर १९७४ रोजीं कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो येथें मिशन बे नांवाच्या खाडीकाठीं तिचा पहिला प्रयोग झाला. १९७८ सालीं हवाई द्वीपसमूहांत जॉन कॉलिन्स या नौदलाच्या अधिकाऱ्यानें तिला भीमकाय रूप दिलें: ३.८६ किलोमीटर पोहणें, १८० किलोमीटर सायकल आणि शेवटीं पुरी मॅरेथॉन. पंधरा जण निघाले, बारा जणांनीं ती पुरी केली, आणि गॉर्डन हॅलर पहिला आला. पोहणारे, सायकलवाले आणि धांवणारे यांत अधिक काटक कोण, या वादांतून ती निघाली. त्यामुळें दुसऱ्याच्या आडोशानें मिळविलेलें यश तिच्या मूळ हेतूलाच बाधक ठरलें, आणि बिडलेकचें एकांतव्रत नकळत तिनें पत्करलें. दीर्घ पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्यें पुढच्या सायकलीपासून साधारण १२ मीटर अंतर ठेवावें लागतें. जवळ रेंगाळणाऱ्यास शिक्षा म्हणून कांहीं मिनिटें थांबवून ठेवतात. पुढें १९९० नंतरच्या दशकांत अव्वल खेळाडूंच्या छोट्या पल्ल्याच्या शर्यतींत जथा मान्य झाला आणि २००० सालीं सिडनीच्या ऑलिंपिकांत तोच प्रकार आला, परंतु हौशी मंडळींचा नियम बहुतांशी बदलला नाहीं.

एकट्यानें वारा कापावयाचा म्हणून मग ते पुढें निघालेले दांडे आले. त्यांवर कोपरें टेकून स्वार वांकला कीं छाती झांकते आणि हवेचा अडथळा घटतो. १९८९ सालीं फ्रान्सच्या महाशर्यतींत शेवटच्या दिवशीं, व्हर्साय ते पॅरिस या २४.५ किलोमीटरच्या टप्प्यांत, ग्रेग लेमाँड यानें ते वापरले, आणि तीन आठवड्यांच्या शर्यतींत लोराँ फिन्याँ याजवर अवघ्या ८ सेकंदांनीं मात केली. त्या दिवसापासून हे दांडे घरोघर गेले. पण त्यांवर हात ठेवले म्हणजे बोटें ब्रेकपासून दूर जातात आणि सायकल वळविण्यास जोर राहत नाहीं. एकट्यास हें चालतें. ज्याच्या पुढें हातभर अंतरावर दुसऱ्याचें चाक आहे त्यास मुळींच चालत नाहीं.

महाराष्ट्रांत ही शर्यत गेल्या कांहीं वर्षांत लोकप्रिय झाली. २०१५ सालीं मिलिंद सोमण यांनीं पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिक येथें पूर्ण पल्ला गांठला, आणि २०१९ सालीं गोव्यांत मिरामारच्या किनाऱ्यावरून अर्ध्या पल्ल्याची शर्यत सुरू झाली: १.९ किलोमीटर पोहणें, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धांवणें. त्याच २०१५ सालीं नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं अमेरिका आडवी तोडणारी सुमारें ४,८०० किलोमीटरची सायकल-शर्यत जोडीनें, पाळीपाळीनें चालवून, पुरी केली. उरणच्या आसमंतास पोहण्याची परंपरा तर जुनीच. धरमतर ते गेटवे हा सुमारें ३५ किलोमीटरचा प्रसिद्ध पल्ला पोहणारे करंजाच्या समोरूनच खाडींतून बाहेर पडतात. तेव्हां तिन्ही विद्यांचा गडी या रस्त्यावर येणार, हें ओघानेंच आलें.

आतां त्यानें जथ्यांत वागावें कसें? मुख्य गोष्ट तोल. सायकलीचा तोल पुढच्या चाकाच्या बारीक बारीक हालचालींवर टिकतो. मागच्याचें पुढचें चाक पुढच्याच्या मागच्या चाकास घांसलें, कीं ती हालचाल खुंटते आणि मागचा क्षणार्धांत आडवा होतो. पुढचा बहुधा सुखरूप राहतो. म्हणजे एकानें उगाच ब्रेक दाबावा आणि हाड मोडावें दुसऱ्याचें, असा हा उलटा न्याय आहे. एकट्यानें महिनोन् महिने सराव केलेल्याच्या अंगीं ही जाणीव नसते. त्याच्या ब्रेकाचा परिणाम आजवर त्याच्यापुरताच होता. म्होरक्या त्याला मागें ठेवतो तो याचकरितां. शेपटाशीं राहून त्यानें दोन-चार रविवार नुसतें पाहावें. दांड्यांवरून हात काढून ब्रेकांवर ठेवावे. पुढच्याच्या चाकाशेजारीं आपलें चाक अर्धें घुसवून ठेवूं नये. तो किंचित् वळला तरी गांठ पडते. नजर चाकावर खिळवूं नये, पुढच्याच्या खांद्यावरून लांब टाकावी. चढावर बैठक सोडून उभें राहतांना सायकल हिसका खाऊन वीतभर मागें येते, म्हणून पेडलावरचा दाब कायम ठेवूनच उठावें. पाणी पिणें, नाक शिंकरणें हे विधि शेवटीं असतांना उरकावे. ही सूचना क्षुद्र वाटेल, परंतु मागच्याच्या तोंडावर ज्याचा प्रसाद आला त्यास ती क्षुद्र वाटत नाहीं.

सर्वांत कठीण धडा पाळीचा. पुढें येण्याची पाळी आली कीं ट्रायथलॉनवाल्याचे पाय शिवशिवतात आणि तो ताशीं दोन-तीन किलोमीटरनें गति वाढवितो. यांत त्याला आपलें औदार्य दिसतें, पण मागें माळ तुटते. जो नुकताच पुढचा वारा खाऊन मागें आला, तोच नेमका सुटतो. गति तीच ठेवावी. जोर अधिक असेल तर पाळी लांब घ्यावी, वेग वाढवूं नये. हृदयाचे ठोके मोजून ठराविक मिनिटें ठराविक जोर लावण्याचा सराव ज्याला करावयाचा असेल त्यानें तो बुधवारीं एकट्यानें करावा. रविवारीं कोणाचें चाक पंक्चर झालें तर सर्वांनीं थांबावयाचें असतें, आणि तेथें घड्याळाकडे पाहणारा माणूस लौकर ओळखूं येतो.

उरणच्या रस्त्याचे म्हणून कांहीं वेगळे नियमही आहेत. १९८९ सालीं न्हावा-शेवा येथें जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यापासून येथें कंटेनरच्या ट्रेलरांची रीघ असते. असा ट्रेलर जवळून गेला म्हणजे त्याची हवा आधीं बाहेर ढकलते व मग आंत ओढते. मागून "गाडी!" अशी हाक आली कीं दोघांच्या जोड्यांनीं निमूटपणें एकेरी व्हावें, आणि त्या वेळीं कोणी ओलांडूं नये. १२ जानेवारी १९२४ नव्हे, २०२४ रोजीं उद्घाटन झालेल्या अटल सेतूवर सायकलीस प्रवेश नाहीं, म्हणून मुंबईकर स्वारास वाशीचा वळसा किंवा भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच याखेरीज गति नाहीं. आणि लाँच भरती-ओहोटी पाहते, स्वाराची घाई पाहत नाहीं. शिवाय रस्ता कोणाच्या जमिनींवरून गेला याचाही विसर पडूं नये. नवी मुंबईसाठीं झालेल्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी १९८४ मध्यें याच जासई-नवघरच्या टापूंत शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पांच जण प्राणास मुकले. पहाटे मासळीची पाटी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या बाईवर "बाजूला व्हा!" म्हणून ओरडणाऱ्या पाहुण्याला म्होरक्या जें सुनावतो, तें कोणत्याहि क्रीडासंस्थेच्या नियमावलींत छापलेलें नसतें.

उरणांत पोहोंचल्यावर चहाची दुकानें उघडलेलीं असतात. सायकली भिंतीला टेकतात, आणि जो सर्वांत शेवटीं येईल त्याच्यासाठीं एक पेला भरून ठेवण्याची चाल आहे. परततांना म्होरक्या नव्या गड्याला विचारतो, "जासईपर्यंत दुसऱ्या जोडींत येतां का?" तोंवर खारे वारे सुटलेले असतात.