‘झुंड’च्या विजय बारसेंनी खेळाडूंमधूनच कोच कसे घडवले?

नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’ (२०२२) मध्ये अमिताभ बच्चन यांनी साकारलेली भूमिका नागपूरच्या विजय बारसे यांच्यावर बेतलेली आहे. बारसे हिस्लॉप कॉलेजमध्ये क्रीडाशिक्षक होते. भर पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी वस्तीतली मुलं त्यांनी पाहिली आणि २००१ मध्ये ‘झोपडपट्टी फुटबॉल’ सुरू झालं. तेच आजचं ‘स्लम सॉकर’.

संधी फक्त एकदाच

या मुलांसाठी सर्वात मोठी स्पर्धा म्हणजे होमलेस वर्ल्ड कप. मैदानात प्रत्येक संघाचे चारच खेळाडू, सामना अवघ्या १४ मिनिटांचा. पण नियम असा की, खेळाडूला इथे आयुष्यात एकदाच खेळता येतं. मग घरी परतल्यावर पुढे काय?

खेळाडूचाच झाला कोच

उत्तर होतं, प्रशिक्षण. २००७ मध्ये कोपनहेगनला खेळलेले होमकांत सुरंदसे पुढे प्रशिक्षक झाले. २०१० मध्ये रिओला भारताचं नेतृत्व करणारे अखिलेश पॉलही त्याच वाटेने गेले.

याने फरक काय पडतो?

बारसेंसाठी फुटबॉल हे मुलांना वाईट संगतीपासून दूर ठेवण्याचं साधन आहे. त्यामुळे इथल्या कोचला पासिंग शिकवता येणं पुरेसं नाही. एखादा मुलगा सरावाला का आला नाही, हेही त्याला कळावं लागतं. वस्तीतच वाढलेल्या कोचला ते सांगावं लागत नाही.

२०१६ मध्ये ‘स्लम सॉकर’ला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला.