रविवारची सुट्टी कुणाच्या थकव्यातून आली?

संशोधनाला लागलेल्या कुणीही "थकवा येतो" म्हटलं की सल्ले सुरू होतात: ध्यान करा, लवकर उठा, मोबाइल बाजूला ठेवा. सल्ले वाईट नाहीत. पण तुम्ही संशोधनाची तयारी करताय, तर आधी एवढं विचारा: हा थकवा माणसात आहे की कामात? हा वाद आपल्याकडे 140 वर्षांपूर्वी, मुंबईच्या गिरण्यांमध्ये होऊन गेलाय.

तेव्हा गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. सूर्य उगवला की काम सुरू, मावळला की बंद. उन्हाळ्यात हा दिवस 13-14 तासांवर जायचा. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. 1881 चा पहिला फॅक्टरी कायदा मुख्यतः मुलांपुरता होता. 7 वर्षांखालच्यांना बंदी, 12 पर्यंतच्यांना 9 तास. मोठ्या माणसाने किती तास राबायचं यावर कायदा गप्प.

नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक कार्यकर्ते, 'दीनबंधू'चे संपादक. एका गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केल्यामुळे त्यांनी हे सगळं आतून पाहिलेलं. सप्टेंबर 1884 मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे 5,500 जणांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या अशा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, मागच्या महिन्याचा पगार 15 तारखेच्या आत, आणि कामावर दुखापत झाली तर भरपाई.

ही यादी पुन्हा वाचा. कामगाराने स्वतःत काय बदल करावा, याबद्दल तिच्यात एक शब्द नाही. (पगाराच्या तारखेची मागणी वाचून फेलोशिपची वाट बघणारे काहीजण हसतील, माहितीये मला.)

मालकांच्या बाजूचा युक्तिवादही समजून घ्या, कारण तो आजही भेटतो. कामगार मधेच उठून जातात, बिडी ओढतात, आंघोळ करतात, रेंगाळतात. मग काम जड आहे असं कसं म्हणायचं? माझ्या मते इथेच खरी मेख आहे. पाच-दहा मिनिटं बाहेर जाऊन येणं ही त्या माणसाची स्वतःची काळजी घ्यायची एकमेव सोय होती. तिने 13 तासांचा दिवस काही कमी झाला नाही. उलट तीच त्याच्या आळशीपणाचा पुरावा ठरली.

24 एप्रिल 1890 ला मुंबईत सुमारे 10,000 कामगारांची सभा झाली. तिथे दोन स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890 ला गिरणीमालकांच्या संघटनेने आठवड्याची सुट्टी मान्य केली. 1891 च्या कायद्याने ती पक्की केली, स्त्रियांचे तास 11 वर आणि मुलांचे 7 वर आणले. यात लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचाही हात होता; त्यांना मुंबईची स्वस्त स्पर्धा नको होती, हे लपवायचं कारण नाही.

पुरुषांच्या तासांना हात लागला नाही. पुढे विजेचे दिवे आले आणि दिवस सूर्यास्ताच्याही पुढे लांबला. 12 तासांची मर्यादा यायला 1911 उजाडलं.

आमचं जाफराबाद तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचा हा कायदा इथे लागूच नव्हता. आणि आजही आपल्या भागातल्या शेतमजुराला किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला फॅक्टरी कायद्याचा रविवार मिळत नाही.

'बर्नआउट' हा शब्द अभ्यासात आला 1974 मध्ये, हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांच्या लेखातून. पुढे ख्रिस्तिना मास्लाक आणि मायकल लायटर यांनी कामातल्या सहा गोष्टी तपासायला सांगितल्या: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला, सोबत, न्याय्य वागणूक आणि मूल्यं. 1884 च्या निवेदनातल्या मागण्या यातल्या पहिल्या तिघांशी आणि पाचव्याशी जुळवून बघा. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये बर्नआउटला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था म्हटलं.

आता कामाचं. 'परिचारिकांमधील ताणतणाव आणि योगाचा परिणाम' अशा धर्तीचा विषय तुमच्या डोक्यात असेल, तर जरूर घ्या. फक्त प्रश्नावलीत काही रकाने वाढवा: एका पाळीत किती रुग्ण, किती पदं रिकामी, सलग किती रात्रपाळ्या, मागची रजा कधी मिळाली, पगार कोणत्या तारखेला झाला.