हयातीचा दाखला : खजिन्याच्या खिडकीपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत

'पेन्शनीत निघणे' हा वाक्प्रचार मराठीत इतका रुळला आहे की त्यातील मूळ शब्द परका आहे याची आठवण कोणाला राहत नाही. कन्नडने त्याच शब्दाचे 'पिंचणी' केले. पुणे हे पेन्शनरांचे गाव, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हैसूरकरही आपल्या शहराबद्दल अगदी हेच म्हणतात. संथ रस्ते, गर्द झाडी, सकाळचा फेरफटका, वाचनालय आणि महिन्याच्या आरंभी बँकेत एक चक्कर, हा दिनक्रम दोन्हीकडे सारखाच. नोकरीच्या निमित्ताने या शहराशी माझा संबंध आला, आणि येथे स्थायिक झालेल्या मराठी वडीलधाऱ्यांच्या सहवासात एका प्रश्नाने मला धरून ठेवले : सरकार आपल्या निवृत्त सेवकाला पैसे कसे पोचवते, आणि ते देताना त्याच्याकडून काय मागते?

पेन्शनचा आपल्याकडील इतिहास कृपेपासून सुरू होतो. वर्षासन, नेमणूक, तनखा हे शब्द देणाऱ्याच्या मर्जीचे आहेत. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावास इंग्रजांनी सालीना आठ लाखांचा तनखा लावून दिला. १८५१ मध्ये तो वारल्यावर दत्तकपुत्र नानासाहेबांना तो नाकारण्यात आला. पुढे काय घडले, ते वाचकांना सांगणे नलगे. १८७१ च्या पेन्शन कायद्यातही हीच वृत्ती दिसते. धनकोला पेन्शन जप्त करता येणार नाही, हे संरक्षण त्या कायद्याने दिले; परंतु पेन्शनविषयक दावा ठरावीक अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राविना दिवाणी न्यायालयाने ऐकू नये, असेही त्याच कायद्याने सांगितले. निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नसून सेवकाने केलेल्या सेवेतून मिळवलेला हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात ठामपणे मांडले ते १७ डिसेंबर १९८२ रोजी. तो दिवस पेन्शनर मंडळी आजही 'पेन्शनर्स डे' म्हणून पाळतात.

हक्काचा इतिहास असा शंभराहून अधिक वर्षांचा. पैसे पोचवण्याच्या पद्धतीचा इतिहास त्याला समांतर चालतो. पण त्याच्याकडे कोणी फारसे पाहत नाही.

जुन्या पद्धतीत पेन्शन मिळे ती खजिन्याच्या, म्हणजे ट्रेझरीच्या, खिडकीवर. पीपीओ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेन्शन प्रदान आदेशाचे दोन भाग असत. एक खजिन्यात राही, दुसरा पेन्शनरच्या हाती. त्यावर उंची, अंगावरील मस वा व्रण यांची नोंद, छायाचित्र, आणि लिहिता न येणाऱ्याच्या बोटांचे ठसे. पेन्शनरने स्वतः यावे, बिल भरावे, रसीदी तिकिटावर सही करावी, आणि खजिना अधिकाऱ्याने समोरचा माणूस तोच आहे अशी खात्री करून पैसे द्यावेत, असा हा क्रम. रांगेत ताटकळावे लागे, हे खरे. पण ओळख पटवण्याचे काम अखेरीस एका माणसाकडे असे आणि चुकीचा जाबही त्यालाच द्यावा लागे.

यात एक बारकावा आहे, आणि माझ्या मते तो या साऱ्या विषयाचा गाभा आहे. आजारपणाने वा अपंगत्वाने ज्यांना येणे शक्य नाही, ज्या स्त्रियांना चारचौघांत वावरण्याची सवय नाही, किंवा ज्यांना सरकारने खास सूट दिली आहे, अशांनी जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीचे हयातीचे प्रमाणपत्र पाठवले तर पेन्शन द्यावी, असा खजिन्याचा नियम होता. म्हणजे हयातीचा दाखला ही मुळात सवलत होती. जो येऊ शकत नाही, त्याच्यासाठी सरकारने एक पाऊल पुढे टाकावे, हा तिचा हेतू होता.

म्हैसूर संस्थानात बँकेचे युग आणले ते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले आणि १८८४ पासून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात काम केलेले हे अभियंते १९०८ मध्ये त्या नोकरीतून स्वेच्छेने निवृत्त झाले, १९१२ मध्ये म्हैसूरचे दिवाण झाले, आणि १९१३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने बँक ऑफ म्हैसूर उभी राहिली. निवृत्तीनंतर ते चोपन्न वर्षे जगले. पेन्शनचे गणित मांडणाऱ्या कोणत्याही अर्थशास्त्र्याने हा आकडा ध्यानात ठेवावा : नोकरी संपते तेथे आयुष्य संपत नाही, कधी कधी त्याचा मोठा भाग तेथेच सुरू होतो. ही बँक १९६० मध्ये स्टेट बँकेची सहयोगी झाली, आणि १ एप्रिल २०१७ रोजी तीत विलीन झाली. ज्या नावाच्या पासबुकात दोन-दोन पिढ्यांची पेन्शन जमा झाली, ते नाव पाट्यांवरून उतरले.

केंद्रीय मुलकी पेन्शनरांच्या बाबतीत खरा पालट १९७६ मध्ये झाला. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांमार्फत पेन्शन देण्याची योजना त्या वर्षी टप्प्याटप्प्याने लागू झाली. दरमहाचे बिल गेले, खिडकी गेली. रक्कम थेट खात्यात पडू लागली. १ जानेवारी १९९० पासून या साऱ्या हिशेबासाठी केंद्रीय पेन्शन लेखा कार्यालय स्वतंत्रपणे काम करू लागले. पुढे रिझर्व्ह बँकेने नव्वदच्या दशकात इलेक्ट्रॉनिक क्लिअरिंग आणले, २००४ मध्ये आरटीजीएस, २००५ मध्ये एनईएफटी. कर्नाटकाने आपल्या ट्रेझऱ्या संगणकावर आणल्या, त्या प्रणालीचे नाव 'खजाने'. शब्द जुनाच राहिला, खिडकी मात्र दिसेनाशी झाली.

या सोयीच्या मोबदल्यात पेन्शनरने एकच गोष्ट करायची होती : दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा. येथे मूळ नियम उलटा झाला. जी काही मोजक्या लोकांसाठी सवलत होती, ती सर्वांसाठी अट झाली. दाखला आला नाही तर पेन्शन थांबते. दिल्यावर थकबाकीसह पुन्हा सुरू होते. कागदावर यात कोणाचेच नुकसान नाही. पण मधल्या महिन्यांत औषधे कोणत्या पैशांनी आणायची, याचे उत्तर कागदावर नसते.

आधारच्या बाबतीत कर्नाटकात आघाडीवर राहिलेल्या जिल्ह्यांत म्हैसूर होते, आणि २०१३ च्या मध्यास गॅसचे अनुदान थेट खात्यात जमा करण्याच्या पहिल्या प्रयोगांतही हा जिल्हा होता. १० नोव्हेंबर २०१४ रोजी 'जीवन प्रमाण' सुरू झाले, आणि बोटाचा ठसा देऊन संगणकीय दाखला काढता येऊ लागला. त्याच महिन्याच्या १ तारखेस शहराचे अधिकृत नाव 'मैसूरु' झाले होते.

यानंतर काही वर्षांनी एका नोव्हेंबरात मी येथील एका बँकेच्या शाखेत बसलो होतो. माझ्या परिचयाचे एक मराठी गृहस्थ, ज्यांना आम्ही सारे काका म्हणत असू, ठसा द्यायला आले होते. वय शहाऐंशी. यंत्राने त्यांचे बोट पाच वेळा नाकारले. कारकून तरुण होता, ओशाळला होता; पुनःपुन्हा रुमाल पुढे करीत होता. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "अरे, वीस वर्षे हा काउंटरवरचा मला नावाने हाक मारतो. त्याला मी जिवंत दिसतो, त्याच्या डब्याला दिसत नाही." सारे हसले. शेवटी कागदी दाखल्यावर सही घेऊन काम झाले. वृद्धपणी बोटांच्या रेषा झिजतात, त्वचा सुरकुतते, ही सर्वज्ञात गोष्ट आहे. ठशांवर बेतलेली योजना नेमकी वृद्धांसाठीच आहे, हे ध्यानात ठेवून पर्यायी वाट ठळकपणे खुली ठेवायला हवी होती.

पुढच्या वर्षी काका गेले. खरी अडचण तेव्हा उभी राहिली. खाते जोडनावाने होते, हे काकांचे शहाणपण. परंतु मोबाइल क्रमांक काकांचा, आणि तो बंद झालेला. काकूंनी पासबुकही क्वचितच हाताळलेले. त्या मला म्हणाल्या, "भाऊ, मला पैशांची चिंता नाही हो. पण तिथे जाऊन मी कोण हे मला सांगता येईल का?" कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हायला साधा अर्ज, मृत्यूचा दाखला, पीपीओची प्रत आणि वयाचा पुरावा एवढेच लागत होते. तरी त्या घरात त्यासाठी तीन महिने गेले, कारण पीपीओ कोठे आहे हे एकट्या काकांनाच ठाऊक होते.

मला येथे एक कबुली दिली पाहिजे. नोकरीत व्यवहारखर्च हा शब्द मी असंख्य टिपणांत वापरला आहे. धनादेशाची छपाई, टपाल, कारकुनाचा वेळ, गळती, या साऱ्याची बचत मी मांडली, आणि ती खरीच आहे. मनिऑर्डर घेऊन येणाऱ्याच्या हातावर काहीतरी ठेवावे लागणाऱ्या निराधार वृद्धेला थेट खात्यात आलेले पूर्ण पैसे हे स्वातंत्र्यच आहे. पण खर्च वाचला असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातला काही भाग केवळ जागा बदलतो. सरकारच्या टेबलावरून तो काकूंच्या दारात जातो. तो भाग मी कधीच मोजला नव्हता.

अमेरिकेतील वाचकांना हे ओळखीचे वाटेल. तेथे ३१ जानेवारी १९४० रोजी सामाजिक सुरक्षेचा पहिला मासिक धनादेश व्हरमाँटच्या इडा मे फुलर यांच्या नावे निघाला, रक्कम २२ डॉलर ५४ सेंट. २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक प्रदान जवळजवळ सर्वांना बंधनकारक झाले, आणि मार्च २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने ३० सप्टेंबर २०२५ पासून कागदी धनादेश, काही अपवाद सोडून, थांबवण्याचे ठरले. ते अपवाद कोणासाठी? ज्यांचे बँकेत खाते नाही आणि ज्यांना ही साधने वापरणे शक्य नाही, अशांसाठी. खजिन्याच्या जुन्या नियमातील आजारी आणि अपंग माणसेच ही. फक्त देश वेगळा.

आपल्याकडेही सुधारणा झाल्या, हे नमूद केलेच पाहिजे. २०१९ पासून ऐंशी वर्षांवरील पेन्शनरांना ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. नोव्हेंबर २०२० पासून पोस्टमन घरी येऊन दाखला काढून देऊ लागला. २०२१ मध्ये आधारची सक्ती ऐच्छिक झाली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली, म्हणजे झिजलेल्या बोटांचा प्रश्न बराचसा मिटला. परदेशी राहणाऱ्या पेन्शनरांना भारतीय वकिलातीत दाखला घेता येतो. सरकारने पुन्हा एक पाऊल पुढे टाकायला आरंभ केला आहे, असे म्हणता येईल.

परगावी वा परदेशी असलेल्या मुलामुलींना मात्र एक विनंती. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा वडिलांच्या पीपीओची एक प्रत आईच्या हाती द्या. खाते जोडनावाने आहे की नाही ते पाहा. आईचा मोबाइल क्रमांक बँकेत नोंदवा, आणि एकदा तिला सोबत घेऊन शाखेत जा, तिलाच बोलू द्या. आलेला ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, अगदी बँकेचे नाव सांगणाऱ्यालाही नाही, हे चार वेळा सांगा.

काकूंची पेन्शन आता दरमहा जमा होते. गेल्या नोव्हेंबरात शेजारच्या मुलीने मोबाइल समोर धरला, काकूंनी डोळे मिचकावले, आणि दाखला निघाला. नंतर त्या रिक्षा करून शाखेत गेल्याच. काम काहीच नव्हते. "आले होते म्हणून सांगायला," असे त्या म्हणाल्या.