जीन

यवतमाळ, वणी, पांढरकवडा भागात दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या ‘जीन’वर रांगेने लागतात. सरकी आणि रुई वेगळी करणारा कारखाना म्हणजे जीन. क्विंटलभर कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, उरते ती बहुतेक सरकी. मग रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधतात.

शब्द इंग्रजी, तोही काटछाट केलेला. जुन्या फ्रेंचमधल्या ‘एंजिन’चा अर्थ युक्ती, करामत. सुरुवातीचे अक्षर गळून ‘जिन’ उरले. पाखरे-ससे धरायच्या फाशालाही इंग्रज ‘जिन’च म्हणत. १७९३ साली अमेरिकेत एली व्हिटनीने सरकी काढायचे यंत्र केले, तेही ‘कॉटन जिन’.

दारूची जिन मात्र वेगळ्या कुळातली. जुनिपरच्या फळांवरून डचांची ‘येनेव्हर’. इंग्रजांनी तिचे ‘जिनेव्हा’ केले आणि लंडनच्या गुत्त्यांत तेवढेही लांब वाटून ‘जिन’ केले. शहर इतके झिंगले, की १७३६ मध्ये तिला आवरायला कायदा करावा लागला.

आपल्याकडे घोड्यावरचे ‘जीन’ फारसीतून आधीच आले होते. अंगातली जीन्स इटलीतल्या जेनोआची. आनुवंशिकतेचा ‘जीन’ १९०९ चा, ग्रीक मुळाचा. २००२ पासून तोही, बोंडअळी मारायला, बीटी वाणातून आपल्या कपाशीत शिरला. गुलाबी बोंडअळी आता त्याला जुमानत नाही, हा भाग वेगळा!