फ्लॅटची फाईल

डोंबिवलीतला जुना फ्लॅट विकायचा आणि ठाण्याला, शक्यतो घोडबंदर रोडच्या बाजूला, मोठं घर घ्यायचं... आमच्या पिढीतल्या निम्म्या आयटीवाल्यांचा हा ठरलेला प्रवास आहे. मित्रांपैकी तिघांचा झाला, दोघांचा चालू आहे. आम्ही २०२२ साली केला. तेव्हापासून कोणी ना कोणी फोन करून विचारतं, "विकताना काय काय बघायचं रे?" आणि त्यांना उत्तर हवं असतं ते दराबद्दल. एजंट किती टक्के घेतो, आधी विकायचं की आधी घ्यायचं, रंग काढून दाखवावा की नको.

मी त्यांना एकच विचारतो, फाईल कुठे आहे?

आपल्याकडे फ्लॅटची किंमत भिंतींपेक्षा फाईलवर ठरते. ती फाईल नीट वाचली तर लक्षात येतं की त्यातला एकेक कागद म्हणजे कुठल्यातरी जुन्या भांडणाचा किंवा फसवणुकीचा पुरावा आहे. लेगसी कोडमध्ये एखादी विचित्र 'इफ' कंडिशन दिसते आणि मग कळतं की पंधरा वर्षांपूर्वी इथे काहीतरी जोरदार फाटलं होतं. तसंच.

सुरुवात करायची तर १९४७ पासून करावी लागेल. त्या वर्षीच्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडं ठरवताना १ सप्टेंबर १९४० चं भाडं धरलं. युद्धानंतर आणि फाळणीनंतर माणसांचे लोंढे येत होते, तेव्हा हे गरजेचंच होतं. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा पन्नास वर्षं टिकला. भाडं गोठलं, तसं भाड्यासाठी चाळी बांधणं कोणालाच परवडेना. जुन्या चाळींत पागडी आली, नव्या बांधकामात 'ओनरशिप'. तुम्ही-आम्ही ज्याला सहज फ्लॅट म्हणतो, त्याला आमची आजी शेवटपर्यंत "ओनरशिपचा ब्लॉक" म्हणायची. हा शब्द किती नवा होता ते त्यावरून कळतं.

आता ओनरशिप म्हणजे कशाची मालकी? सहकारी गृहनिर्माण संस्था आपल्याकडे आधीपासून होत्या. गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ सालची. तिथे सभासद एकत्र यायचे, जमीन घ्यायचे आणि बांधायचे. ओनरशिपमध्ये क्रम उलटा झाला. आधी बिल्डर जमीन घेणार (किंवा नुसता जमीनमालकाशी करार करणार), फ्लॅट विकणार, मग कधीतरी सोसायटी होणार, आणि त्यानंतर कधीतरी जमीन सोसायटीच्या नावावर होणार. या दोन 'कधीतरी'मध्ये इतकी लबाडी झाली की १९६३ साली सरकारला खास कायदा करावा लागला. तोच मोफा. लेखी करार केल्याशिवाय किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त पैसे घ्यायचे नाहीत, कराराची नोंदणी करायची, सोसायटी स्थापन करायची आणि सोसायटी झाल्यावर साधारण चार महिन्यांत जमीन आणि इमारत तिच्या नावावर करून द्यायची. या शेवटच्या गोष्टीला कन्व्हेअन्स म्हणतात, सरकारी मराठीत अभिहस्तांतरण.

चार महिने! नौपाड्यात, डोंबिवलीत, कल्याणच्या जुन्या भागात कितीतरी सोसायट्यांना चाळीस वर्षांत ते मिळालेलं नाही. बिल्डरला घाई नसते, कारण जमीन नावावर राहिली तर पुढे वाढीव एफएसआय त्याचा. आणि रहिवाशांना घाई नसते, कारण पाणी येतंय, लिफ्ट नाहीच आहे, मग चाललंय की. घर विकायला काढलं, किंवा इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली, की सगळे जागे होतात. शेवटी २००८ साली मोफात दुरुस्ती झाली आणि मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेअन्स आलं. बिल्डर सही करत नसेल तर सोसायटीने सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. ते सुनावणी घेतात आणि बिल्डरशिवायच हस्तांतरण होऊ शकतं. आमच्या सोसायटीने तो केला. आमचा बिल्डर (नाव घेत नाही, आता तो धंद्यातही नाही) नोटिशीला हजरसुद्धा राहिला नाही. या कामात सर्वात जास्त वेळ कशात गेला असेल तर प्रत्येक सभासदाचा करार गोळा करण्यात. निम्म्या लोकांना तो कुठल्या पेटीत आहे हेच माहीत नव्हतं.

आता माझ्या आवडत्या तारखेकडे येतो. १० डिसेंबर १९८५.

माझ्या वडिलांनी १९८४ साली फ्लॅट घेतला. वन रूम किचन, डोंबिवली पूर्व, स्टेशनपासून चालत बारा मिनिटं. करार ५ रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर. आमच्या ग्राहकाच्या वकिलाने तो पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मुद्रांक शुल्कच भरलेलं नाही?" पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे तो नुसता 'करार' होता आणि करारावर तेवढंच शुल्क होतं. खरेदीखतावर खरं शुल्क, आणि फ्लॅटवाल्यांना स्वतंत्र खरेदीखत होतच नसे! सरकारच्या तिजोरीतली ही गळती लक्षात आल्यावर मुद्रांक कायदा बदलला. १० डिसेंबर १९८५ पासून, ज्या करारात ताबा दिला आहे किंवा द्यायचं कबूल केलं आहे, तो करार म्हणजे खरेदीखतच समजायचा आणि त्यावर बाजारभावाने शुल्क घ्यायचं. वकिलाला तारीख दाखवली, विषय संपला.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी मात्र १९८७ साली घेतला होता. २० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, नोंदणी न करता, कारण बिल्डरने सांगितलं "सगळे असंच करतात". ते खरंही होतं, तेव्हा बहुतेक जण असंच करत. एकच इमारत, एकच जिना, क्षेत्रफळ तेच. पण आमचा फ्लॅट दोन महिन्यांत विकला गेला आणि काकांचा अडकला. कमी पडलेल्या शुल्कावर दरमहा २ टक्के दंड लागतो. पस्तीस वर्षांचे महिने किती होतात ते तुम्हीच मोजा. दोन ग्राहक बँकेच्या पायरीवरून परत गेले. काकूंना गुडघ्यांमुळे तीन मजले चढणं अशक्य झालं होतं, म्हणून तर त्यांना लिफ्टचं घर हवं होतं. त्या दोन वर्षांत काकू खाली उतरल्या त्या डॉक्टरकडे जाण्यापुरत्याच. शेजारणी भाजी वर नेऊन द्यायच्या.

त्यांची सुटका झाली ती डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या मुद्रांक शुल्क अभय योजनेत. १९८० ते २००० मधल्या दस्तांना, देय शुल्क १ लाखापर्यंत असेल तर पहिल्या टप्प्यात शुल्क आणि दंड दोन्ही माफ. अट एवढीच की कागद अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या मुद्रांकाचा हवा. काकांचा वीस रुपयांचा तो पिवळा पडलेला कागद इथे कामी आला! मग बिल्डरच्या फर्मचा हयात असलेला एक भागीदार शोधून काढला, कन्फर्मेशन डीड केलं आणि त्याला जुना करार जोडून नोंदणी केली. ही योजना आता संपली आहे. तुमच्या घरात १९८५ नंतरचा आणि २००० च्या आसपासचा कमी मुद्रांकाचा करार असेल तर ग्राहक येण्याआधीच वकिलाला दाखवा. ग्राहक समोर बसलेला असताना बेरीज करायला घेतली की भाव पडतोच.

दुसरी एक गोष्ट आमच्याकडे निघाली. बाबा गेल्यावर शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनी म्हणून माझं नाव चढलं होतं आणि सगळ्यांना वाटत होतं की झालं, आता फ्लॅट माझा. तसं नसतं. नॉमिनी फक्त सांभाळणारा. २०१९ साली सहकार कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यातही त्याला तात्पुरता सभासदच म्हटलं आहे. मालकी वारसांची, म्हणजे आई, बहीण आणि मी. हक्कसोडपत्र करून नोंदवलं. बहीण पुण्याहून एक दिवस रजा काढून आली. हे काम विकायच्या घाईत केलं की नात्यात उगाच ठिणगी पडते, म्हणून शांतपणे आधी करावं. आणि बहिणीने सोडलंच पाहिजे असंही काही नाही हो, तिचा हिस्सा तिला द्यावा आणि तिनेही विक्रीपत्रावर सही करावी. आम्ही पैशाचा हिशोब तसाच केला.

सोसायटीने ट्रान्सफरचे पैसे मागितले तर घाबरू नका. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, २००१ च्या ऑगस्टमधलं परिपत्रक आहे. 'स्वेच्छा देणगी' हा शब्द आला की परिपत्रकाची प्रत पुढे करायची आणि चहा मागवायचा.

कराचं थोडक्यात. फ्लॅट २००१ च्या आधीचा असेल तर मूळ खरेदी किमतीऐवजी १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरता येतो, त्यासाठी मूल्यांकन करून घ्या. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला १२.५ टक्के सरळ, किंवा महागाई निर्देशांक लावून २० टक्के, यांतला कमी बसेल तो कर. नवीन घर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घेतलं तर नफ्यावर सूट. बाकी सीए सांगेल.

आता घेण्याची बाजू. इथे तर इतिहास जास्तच लागतो. कल्याणची महापालिका १९८३ सालची (तेव्हा तिच्या नावात डोंबिवली नव्हती, आम्हा डोंबिवलीकरांना ते अजून टोचतं). तिच्यात घेतलेली २७ गावं २००२ साली बाहेर काढली, २०१५ साली पुन्हा आत घेतली. त्यामुळे मानपाड्याच्या आसपासची इमारत बघताना आधी विचारायचं की बांधली तेव्हा परवानगी देणारं कोण होतं. ग्रामपंचायतीचा शिक्का म्हणजे बांधकाम मंजुरी नव्हे. असल्या परवानगीशून्य बांधकामाचा शेवट कसा होतो ते ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ दिसलं. काही महिन्यांत उभी केलेली इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली.

२०१७ पासून रेरा आला आणि वाटलं की आता नंबर टाकला की काम झालं. मग २०२२ मध्ये डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींचं प्रकरण बाहेर आलं. महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून चक्क महारेराचे नंबर मिळवले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. आत राहणाऱ्यांनी गृहकर्ज काढून घेतलेली घरं होती ती. तेव्हा रेराचा नंबर बघाच, पण बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जा आणि तो त्यांच्या नोंदीत आहे का ते विचारा. अर्धा दिवस जातो. भोगवटा प्रमाणपत्र असलेली इमारत मिळत असेल तर थोडे पैसे जास्त द्या, लॉबीतल्या कारंज्यापेक्षा ते बरं.

आम्ही घेतलं ते घर सात टॉवरच्या कॉम्प्लेक्समध्ये आहे. भोगवटा आहे, रेरा आहे, सगळं आहे. जमीन मात्र अजून बिल्डरच्याच नावावर, कारण शेवटचा टॉवर पूर्ण व्हायचाय. सोसायटीच्या पहिल्या सभेत मी कन्व्हेअन्सचा विषय काढला. सगळ्यांनी आदराने ऐकून घेतलं, कोणीतरी "गुड पॉइंट" म्हणालं, आणि पुढचा पाऊण तास जिमच्या वेळांवर चर्चा झाली. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत तो पहिला टाकायला सेक्रेटरींना लेखी पत्र दिलं आहे, पोच घेतली आहे, आणि फाईलला लावली आहे.