बसून होणारा घसारा

मृगाचा पाऊस पडून वापसा आला होता. पेरणीयंत्रात सोयाबीन भरलेले, मामी हळदकुंकू घेऊन उभी. मामांनी ऐटीत सेल्फ मारला आणि ट्रॅक्टर म्हणाला, "टक्." पुन्हा मारला. पुन्हा "टक्", जरा खालच्या पट्टीत.

"चार महिने शेडमध्ये आहे. कुणी हात लावला नाही. मग बॅटरी उतरलीच कशी?" मामा माझ्यावरच खेकसले. ट्रॅक्टरचे कर्ज आमच्या शाखेचे, तेव्हा बॅटरीही आमच्याच जबाबदारीची, असा त्यांचा समज.

मी बी.कॉम. झालेला कारकून. घसारा वापराने होतो, असे आम्हाला शिकवलेले. हिचा बसून झाला होता! घरी येऊन मी हिची वंशावळ काढली.

मूळ पुरुष फ्रान्सचे गास्ताँ प्लांते. १८५९ साली त्यांनी शिशाचे दोन पत्रे एकमेकांना न चिकटू देता गुंडाळले आणि सौम्य गंधकाम्लात बुडवले. ते पत्रे पुन्हापुन्हा चार्ज करून उतरवावे, तेव्हा कुठे कामाचे होत. आमच्याकडे नव्या माणसाला चार टेबलांवर फिरवतात ना, तसेच. पुढे १८८१ च्या सुमारास फोर नावाच्या गृहस्थांनी पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देऊन ही उमेदवारी कमी केली.

मोटारी मात्र बरीच वर्षे हँडल मारूनच सुरू होत. हँडल उलटले की मनगट मोडे. १९१२ साली कॅडिलॅक गाडीला विजेचा सेल्फ आला. तो करणारे चार्ल्स केटरिंग आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला मोटर बसवत होते. गल्ल्याची मोटर क्षणभरच फिरणार, म्हणून लहान असूनही तिच्याकडून मोठे काम काढता येई. तीच युक्ती इंजिनाला! हे वाचल्यापासून मी आमच्या कॅशियरकडे आदराने पाहतो. तो अजूनही सुट्टेच मागतो.

दोन वर्षे व्यवहार नसला की आम्ही खाते निष्क्रिय करतो. बॅटरी तेवढीही मुदत देत नाही. ती नुसती ठेवली तरी आतल्याआत उतरते, आणि उतरलेली पडून राहिली की पत्र्यांवर सल्फेटचे कडक खडे धरतात. मग चार्जिंग अंगी लागत नाही. दहा अंश उष्णता वाढली की आयुष्य साधारण निम्मे. मामांचे शेड पत्र्याचे आणि गाव परभणीकडचे! शेजारच्या रोज बाजाराला जाणाऱ्या जीपची बॅटरी पाचवे वर्ष काढते आहे. मामांची तिसऱ्या खरिपालाच गेली.

पुढच्या खेपेला मी सांगितले, "पेरणी झाली की निगेटिव्हची वायर काढून ठेवा, महिन्याला एकदा चार्ज करा, आणि पाणी डिस्टिल्डच घाला."

"विहिरीचं का नको?"

"त्यात क्षार असतात, मामा."

"आम्ही जन्मभर तेच पितोय की!"

त्या दिवशी मात्र वापसा थांबणार नव्हता. शेवटी पेरणीयंत्र सोडले आणि शेजारच्या बैलजोडीने ट्रॅक्टर उतारापर्यंत ओढत नेला. बैलांनी मागे वळून एकदा पाहिलेसुद्धा. उतारावर क्लच सोडताच तो धडधडला. मामांनी संध्याकाळपर्यंत बंद केला नाही. आम्ही बांधावर भाकरी खाल्ली तेव्हाही तो शेजारी धूर काढत उभा होता.