व्हाइट पीकमधील वाहनमुक्त सायकलमार्ग

व्हाइट पीकमधील वाहनमुक्त सायकलमार्ग हे इंग्लंडच्या डर्बीशायर व स्टॅफर्डशायर या परगण्यांतील चुनखडकाच्या पठारावर, बंद पडलेल्या लोहमार्गांच्या जागी तयार करण्यात आलेले मार्ग आहेत. मॉन्साल ट्रेल, हाय पीक ट्रेल, टिसिंग्टन ट्रेल आणि मॅनिफोल्ड वे हे त्यांतील चार प्रमुख होत. पहिल्या तिन्हींवर मोटार वाहनांना प्रवेश नाही व त्यांचा पृष्ठभाग मुख्यतः दाबून बसविलेल्या बारीक खडीचा आहे. मॅनिफोल्ड वे डांबरी असून त्याचा थोडासा भाग मोटारींसाठीही खुला आहे. पायी चालणारे, घोडेस्वार आणि सायकलस्वार या मार्गांचा एकत्रितपणे वापर करतात.

भूरचना

पीक डिस्ट्रिक्ट हे १९५१ साली स्थापन झालेले ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान होय. त्याचे दोन ठळक भाग पडतात. उत्तरेकडील, तसेच पूर्व व पश्चिम कडांवरील काळसर वालुकाश्माच्या प्रदेशास 'डार्क पीक' म्हणतात, तर मध्य व दक्षिण भागातील फिकट चुनखडकाच्या पठारास 'व्हाइट पीक' असे नाव आहे. हा चुनखडक कार्बनी कालखंडात, म्हणजे सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वी, उथळ व उबदार समुद्राच्या तळाशी साचला. सागरी जीवांचे अवशेष त्यात जागोजागी आढळतात.

पावसाच्या पाण्यात हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड मिसळून ते किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडक हळूहळू विरघळवते. त्यामुळे पाणी भेगांतून खाली झिरपते, पठाराचा माथा कोरडा राहतो आणि भूगर्भात गुहा तयार होतात. मॅनिफोल्ड नदी कोरड्या ऋतूत वेटन मिलच्या परिसरात जमिनीखाली लुप्त होते व काही किलोमीटर पुढे इलाम गावाजवळ पुन्हा प्रकट होते. अशा वेळी मधले पात्र कोरडेठाक दिसते. पठारावर जागोजागी चुना-मातीविना रचलेल्या दगडी भिंती आहेत. कोकणातील गडग्यांशी त्यांचे साधर्म्य आहे. सपाट माथा आणि त्यात खोल चिरत गेलेल्या अरुंद दऱ्या या रचनेमुळे येथील सामान्य रस्ते वारंवार तीव्र उतारांवरून खाली-वर जातात. लोहमार्गांना मात्र मंद चढ आवश्यक असल्याने अभियंत्यांनी भराव, खोदकामे, पूल व बोगदे बांधले. त्या परिश्रमांचा लाभ आजच्या सायकलस्वारांना मिळतो.

इतिहास

क्रॉमफर्ड येथे रिचर्ड आर्कराइट याने १७७१ साली पाण्याच्या शक्तीवर चालणारी सूतगिरणी उभारली. औद्योगिक क्रांतीच्या आरंभाशी निगडित असलेल्या या परिसराचा डरवेंट खोऱ्यातील इतर गिरण्यांसह २००१ मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. क्रॉमफर्ड कालवा आणि व्हेली ब्रिज येथील पीक फॉरेस्ट कालवा यांच्यामध्ये पठार आडवे येत होते. त्यावरून नवा कालवा नेण्यास पुरेसे पाणी उपलब्ध नव्हते, म्हणून दोन्ही कालव्यांना जोडणारा ५३ किमी लांबीचा क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वे हा मार्ग बांधण्यात आला. जोसायस जेसप हे त्याचे अभियंता होते. १८३०-३१ मध्ये तो खुला झाला.

या मार्गाची आखणी कालव्याच्या धर्तीवर होती. लांबच लांब सपाट टप्पे आणि त्यांच्यामध्ये तीव्र उतार अशी ती रचना होती. कालव्यावर जेथे जलपाशांनी पातळी बदलावी लागते, तेथे येथे उतार योजले होते. प्रारंभी सपाट भागात घोडे वाघिणी ओढीत, तर उतारांवर स्थिर वाफेच्या इंजिनाने फिरणाऱ्या दोरांच्या वा साखळ्यांच्या साहाय्याने वाघिणी खाली-वर केल्या जात. मिडलटन टॉप येथील १८२९ चे इंजिन व त्याची इमारत आजही जतन केलेली आहे. शीप पाश्चर उतारावर सुटलेल्या वाघिणी अडवण्यासाठी खणलेला खड्डाही तेथे पाहावयास मिळतो.

पुढे १८६३ मध्ये वाय नदीच्या खोऱ्यातून मिडलँड रेल्वेचा बक्सटनकडे जाणारा मार्ग खुला झाला आणि तो लंडन-मँचेस्टर या मुख्य मार्गाचा भाग बनला. मॉन्साल हेड येथील हेडस्टोन पुलामुळे दरीचे सौंदर्य नष्ट झाले, अशी कठोर टीका लेखक व कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी केली होती. तोच पूल आता संरक्षित वास्तू असून या भागाचे एक प्रमुख आकर्षण आहे. बक्सटन-अ‍ॅशबोर्न मार्ग १८९९ मध्ये पूर्ण झाला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर रस्तेवाहतुकीच्या स्पर्धेत हे लोहमार्ग टिकू शकले नाहीत. हाय पीक मार्ग १९६७ मध्ये व वाय खोऱ्यातील मार्ग १९६८ मध्ये बंद झाला.

प्रमुख मार्ग

टिसिंग्टन ट्रेल: अ‍ॅशबोर्न ते पार्स्ली हे, सुमारे २१ किमी. १९७१ मध्ये खुला झालेला हा मार्ग लोहमार्गांचे पायवाटांत रूपांतर करण्याच्या ब्रिटनमधील आरंभीच्या प्रयोगांपैकी एक आहे. जुन्या हार्टिंग्टन स्थानकातील सिग्नल केबिन अद्याप उभी आहे.

हाय पीक ट्रेल: क्रॉमफर्डजवळील हाय पीक जंक्शन ते बक्सटनच्या दक्षिणेस डाऊलो, सुमारे २७ किमी. पार्स्ली हे येथे तो टिसिंग्टन ट्रेलला मिळतो. गॉथम येथील वळणाची त्रिज्या अवघी ५० मीटरच्या आसपास आहे. हॉप्टन उताराचे प्रमाण १४ स १ आहे. मिडलटन व शीप पाश्चर येथील उतार याहूनही तीव्र असल्याने तेथे विशेष सावधगिरी बाळगावी लागते. मार्गापासून जवळच आर्बर लो हे नवाश्मयुगीन शिलावर्तुळ आहे.

मॉन्साल ट्रेल: बेकवेलजवळून ब्लॅकवेल मिलपर्यंत, सुमारे १४ किमी. लोहमार्ग बंद झाल्यानंतर १९८१ मध्ये ही वाट खुली झाली. तथापि बोगदे बंद असल्याने लोकांना दरीतील अडचणीच्या पायवाटांनी वळसा घालावा लागे व सलग सायकलप्रवास शक्य नव्हता. मे २०११ मध्ये हेडस्टोन, क्रेसब्रुक, लिटन व ची टॉर हे चार मोठे बोगदे खुले झाले. ते प्रत्येकी सुमारे ४०० मीटर लांबीचे असून दिवसा त्यांत दिवे लावलेले असतात. मार्गालगतच्या लिटन मिल या सूतगिरणीत अनाथ मुलांना राबवून घेतले जाई. त्यांपैकी रॉबर्ट ब्लिंको याच्या हालअपेष्टांची कहाणी पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

मॅनिफोल्ड वे: हुल्म एंड ते वॉटरहाउसेस, सुमारे १३ किमी. १९०४ ते १९३४ या काळात चाललेल्या अरुंदमापी लोहमार्गाची ही जागा १९३७ मध्येच सार्वजनिक वाट म्हणून खुली झाली. थॉर्स केव्ह ही गुहा मार्गावरून उंचावर दिसते.

महाराष्ट्राशी दुवा

मॅनिफोल्ड खोऱ्यातील लोहमार्गाचे अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे सोलापूर जिल्ह्यातील बार्शी लाइट रेल्वेचेही जनक होते. १८९७ मध्ये सुरू झालेला बार्शीचा मार्ग २ फूट ६ इंच (७६२ मिमी) मापाचा होता. मॅनिफोल्डसाठीही त्यांनी हेच माप स्वीकारले व बार्शी येथील अनुभवाचा तेथे उपयोग केला. मोठ्या मापाच्या वाघिणी अरुंद मार्गावरून वाहून नेणाऱ्या खास गाड्या हे मॅनिफोल्ड मार्गाचे वैशिष्ट्य होते. या दोन मार्गांची भवितव्ये भिन्न ठरली. बार्शीचा मार्ग पंढरपूर, लातूर व मिरजेपर्यंत वाढला, एकविसाव्या शतकाच्या आरंभी रुंदमापी झाला आणि आजही त्यावरून गाड्या धावतात. मॅनिफोल्डचा मार्ग तीस वर्षांतच बंद पडला व सायकलींसाठी राहिला.

पृष्ठभाग व सायकल

कोरड्या हवामानात सपाट खडीवर साधी सायकलही चालते, म्हणून लहान मुले, वृद्ध व चाकाची खुर्ची वापरणाऱ्या व्यक्ती यांनाही या मार्गांवरील बराचसा भाग सुलभ आहे. मार्गांना जोडणाऱ्या शेतवाटा व दगडी गाडीवाटांसाठी 'ग्रॅव्हल सायकल' अधिक उपयुक्त ठरते. तिचे हँडल शर्यतीच्या सायकलीप्रमाणे खाली वळलेले असते, परंतु टायर साधारणतः ३५ ते ५० मिमी रुंद असतात. टायरमधील हवेचा दाब कमी ठेवल्याने खडबडीत वाटेचे धक्के कमी बसतात व पकड वाढते. पावसात चुनखडकाची भुकटी ओली होऊन पांढरट चिखल बनतो. तो साखळी व ब्रेकमध्ये अडकून त्यांची झीज घडवतो, त्यामुळे प्रवासानंतर सायकल धुऊन साखळीस तेल देणे आवश्यक असते. पार्स्ली हे व अ‍ॅशबोर्न येथे भाड्याने सायकली मिळतात.

नियम व संकेत

इंग्लंडमधील प्रत्येक ग्रामीण वाट सायकलींसाठी खुली नसते. 'फुटपाथ' या वर्गातील वाटांवर सायकल चालवण्याचा हक्क नाही. 'ब्राइडलवे' म्हणजे घोडेवाटांवर १९६८ च्या कंट्रीसाइड अ‍ॅक्टनुसार तो आहे, मात्र सायकलस्वाराने पादचारी व घोडेस्वार यांना वाट देणे बंधनकारक आहे. घोडा बिथरू नये म्हणून मागून येताना लांबूनच आवाज देणे, वेग कमी करणे आणि कुरणांची फाटके पुन्हा लावून घेणे हे संकेत पाळले जातात.

पर्यावरण व भवितव्य

जुन्या लोहमार्गांच्या खोदकामांत उघड्या पडलेल्या चुनखडकावर रानफुलांच्या अनेक जाती वाढतात. दऱ्यांतील ॲश वृक्षांची राने बुरशीजन्य रोगाने ग्रासली असून धोकादायक वृक्ष तोडावे लागत आहेत. पठारावरील दगडखाणी अद्याप सुरू असल्याने आसपासच्या रस्त्यांवर अवजड वाहनांची वर्दळ असते व त्यामुळे वाहनमुक्त मार्गांचे महत्त्व वाढते. तथापि हे मार्ग परस्परांशी पूर्णतः जोडलेले नाहीत. हाय पीक ट्रेल बक्सटनपूर्वीच संपतो आणि पुढचे अंतर रस्त्यांनी कापावे लागते.

मॉन्साल ट्रेलच्या जागी पुन्हा लोहमार्ग सुरू करावा, अशी मागणी वेळोवेळी पुढे येते. रेल्वेमुळे रस्त्यांवरील मोटारी कमी होतील, असे समर्थकांचे म्हणणे आहे, तर विरोधकांच्या मते सर्वांना सुलभ असलेला सपाट, सुरक्षित मार्ग आणि त्यालगतची जैवविविधता यांची भरपाई अन्यत्र होणे कठीण आहे. एकाच जागेवर सार्वजनिक वाहतूक व सार्वजनिक वाट या दोन लोकहिताच्या गोष्टींनी सांगितलेला हक्क, हे या वादाचे स्वरूप आहे.